गिअरबॉक्स बदलण्याआधी त्याच्यातलं ऑइल बघा

पत्राचा सारांश: पुण्यात धायरीच्या एका वाचक भगिनींकडे २०१५ सालची पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८४ हजार किलोमीटर चाललेली. फेब्रुवारीपासून गाडीला आवाज येतो. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना खरखर होते, ती क्लच दाबला की थांबते. वेग चाळीसच्या पुढे गेला की घूंऽऽ असा आवाज घुमतो, तो कुठल्याही गिअरमध्ये सारखाच. नेहमीच्या वर्कशॉपने एक चक्कर मारून "गिअरबॉक्स गेलाय, पूर्ण बदलावा लागेल" असं सांगितलं आणि ६२ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. दीर म्हणतात, जाड ऑइल टाकून आवाज दाबा आणि गाडी विकून मोकळ्या व्हा. गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि सासूबाईंना घेऊन ताम्हिणी घाटामार्गे कोकणात जायचं ठरलंय. पैसे घालावेत, गाडी विकावी, की तोवर अशीच चालवावी, असा प्रश्न आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ येते: जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत बहिणीकडे लावलेली ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, "पण तेव्हा सगळं काम करून घेतलं होतं."

नमस्कार ताई,

तुमची शेवटची ओळ मी सगळ्यात आधी हातात घेतो. "सगळं काम" म्हणताना त्यात गिअरबॉक्सचं ऑइल होतं का? त्या वेळचं बिल शोधून काढा. पुरातून निघालेल्या गाडीचं इंजिन ऑइल, फिल्टर, कार्पेट, वायरिंगचे सॉकेट यांच्याकडे लक्ष जातंच, कारण त्याशिवाय गाडी सुरू होत नाही किंवा कुबट वास जात नाही. गिअरबॉक्स मात्र पाणी पिऊनही कित्येक महिने मुकाट चालतो. बिलात गिअर ऑइल किंवा ट्रान्समिशन ऑइल अशी दोन-अडीच लिटरची ओळ दिसली नाही, तर ते बदललेलं नाही असंच धरून चाला.

पाणी आत जातं ते बहुधा ब्रीदरमधून. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला ही एक छोटी टोपी किंवा नळी असते. चालून तापलेल्या गिअरबॉक्समधली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते, गार होताना तेवढीच हवा परत आत ओढली जाते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत येतं. तुमच्यासारख्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, पुढच्या चाकांच्या उंचीला बसवलेला असतो. पाणी सीटला लागलं, म्हणजे तो बुडाला होता.

आता आत काय होतं ते पाहा. बेअरिंगच्या गोळ्या आणि त्या ज्या कड्यांमध्ये फिरतात त्या कड्या, दोन्ही आरशासारख्या गुळगुळीत असतात. गाडी पाण्यात उभी असताना प्रत्येक गोळी कड्यावर एका ठिकाणी टेकलेली असते, आणि गंजाचा बारीकसा ठिपका नेमका त्याच जागी धरतो. पुढे गाडी रस्त्यावर आली की गोळ्या त्या ठिपक्यावरून आपटत जातात, ठिपक्याचा खड्डा होतो, खड्ड्यातून पोलादाचे कण सुटतात आणि ऑइलबरोबर पुढच्या बेअरिंगकडे जातात. म्हणून पूर आणि आवाज यांच्यात इतके महिने गेले असले तरी दोघांचा संबंध नाही असं म्हणता येणार नाही. पत्रावरून निदान होत नाही हे खरं, पण कुठे आधी बघायचं एवढं नक्की ठरवता येतं.

दुसरी गोष्ट. तुम्ही सगळीकडे "तो आवाज" असं लिहिलंय. मला त्यात दोन आवाज दिसतात, आणि दोन्हींचं मूळ एकच असेल असं मला वाटत नाही.

पहिला आवाज खरखरीचा. क्लचचं पेडल वर असतं तेव्हा गाडी न्यूट्रलला उभी असली तरी इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची गती आत घेणारा दांडा, फिरवत असतं. पेडल पूर्ण दाबलं की तो शाफ्ट थांबतो. त्यामुळे क्लच दाबल्यावर थांबणारी खरखर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असते, किंवा आतल्या मोकळ्या फिरणाऱ्या गिअरच्या दातांची. या दोन्हींत फरक करायचा तर गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, पेडलवरून पाय काढून अॅक्सिलरेटर हळूच द्या. आयडलची खळखळ बाराशे-पंधराशे आरपीएमला गायब झाली, तर ती बहुतेक दातांची, आणि तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. आरपीएमबरोबर खरखरीची पट्टी चढत गेली आणि तिला घासल्यासारखा सूर आला, तर बेअरिंग. तिसरी शक्यता रिलीज बेअरिंगची, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणाऱ्या बेअरिंगची. काही गाड्यांत ते पेडल वर असतानाही हलकं टेकून फिरत राहतं. पेडलवर नुसता पायाचा भार ठेवल्याबरोबर आवाज बदलला तर संशय तिकडे न्या.

दुसरा आवाज घुमणारा. तो सगळ्या गिअरमध्ये सारखा आहे आणि वेगाबरोबर वाढतो असं तुम्ही लिहिता. इनपुट बेअरिंगचा आवाज आरपीएमच्या मागे जातो, चाकांच्या वेगाच्या मागे नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नास आणि पाचव्यात पन्नास, दोन्ही वेळा एकच सूर येत असेल, तर तो आवाज चाकांच्या बाजूचा आहे: डिफरन्शिअलचं (दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या भागाचं) बेअरिंग, चाकाचं बेअरिंग किंवा चक्क टायर.

हे घरच्या घरी तपासता येतं. रविवारी पहाटे सपाट, मोकळा रस्ता निवडा, शक्यतो एका बाजूला सलग कुंपणभिंत असलेला. काचा खाली केल्या की भिंतीवरून परत येणारा आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो. कॅम्पात आणि खडकीत असे रस्ते आहेत. पन्नासला गाडी आणून क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि क्लच दाबलेलाच ठेवून तीन-चार सेकंद नुसतं ऐका. घुमणं तसंच राहिलं, तर इंजिन, क्लच आणि इनपुट शाफ्ट तिघेही निर्दोष सुटले. हा प्रयोग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर कृपा करून करू नका. तिथे गिअरमधून गाडी काढणं जिवावर बेतणारं आहे.

त्याच रस्त्यावर मागेपुढे कुणी नाही हे पाहून स्टीअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे द्या, लेन बदलल्यासारखं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. वळवून काहीच बदललं नाही, पण काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर सूर बदलला, तर टायर. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पुन्हा ऐका.

खात्री करायची तर गॅरेजमध्ये चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावून घ्या. एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलका ठेवा. चांगलं बेअरिंग हाताला लागतच नाही. खराब झालेलं असेल तर स्प्रिंगमधून बारीक किरकिर बोटांना जाणवते, वाळूवरून गोटी फिरवल्यासारखी. मग चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला, म्हणजे चाक ढिलं हललं, की प्रश्न संपला. चारही चाकं बघायला लावा, कारण पुराचं पाणी चारही बेअरिंगला लागलेलं आहे. एका चाकाचं बेअरिंग मजुरीसकट काही हजारांत बदलून होतं. तुमच्या ६२ हजारांतला अर्धा त्रास कदाचित एवढ्यावरच जाईल.

वर्कशॉपने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. अख्खं युनिट बदलणं त्यांना सोपं पडतं, त्यावर वॉरंटी देता येते, आणि गिअरबॉक्स बाकावर खोलून शिम (फटी भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजत बसणारा कारागीर प्रत्येक ठिकाणी नसतो. पण त्यांनी काहीच उघडून पाहिलेलं नाही. ड्रेन बोल्टसुद्धा खोललेला नाही. कारण न सांगता दिलेलं हे एस्टिमेट आहे. त्याला अजून निदान म्हणू नका.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा: गिअर ऑइल काढून बघा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून रॅम्पवर सपाट घ्यायची. आधी भरण्याचा बोल्ट सैल करून घ्यायचा आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट. हा क्रम मेकॅनिकला आठवणीने सांगा. आधी ऑइल काढलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. सुरुवातीचं पेलाभर ऑइल स्वच्छ काचेच्या बाटलीत धरा, कारण पाणी तळाशी असतं आणि तेच आधी बाहेर येतं. एकूण किती निघालं तेही मोजायला सांगा. अशा गाड्यांत ते साधारण २ ते २.५ लिटर असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. लिटर-सव्वा लिटरच निघालं तर ऑइल कुठूनतरी गळतंय, आणि त्यात पहिला संशय ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या) दोन ऑइल सीलवर. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सहसा पंप नसतो, गिअर फिरताना ऑइल उडवतात तेवढंच वंगण. पातळी उतरली की वरची बेअरिंग आधी कोरडी पडतात, आणि अनेक गाड्यांत टोकाला बसवलेला पाचवा गिअरही.

ड्रेन बोल्टच्या टोकाला बहुतेक गाड्यांत चुंबक असतो. त्यावरचा गाळ पांढऱ्या फडक्यावर पुसून बोटांत चोळा. करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर चिंता नको, ८४ हजारांत एवढी झीज होतेच. बोटाला टोचणारी चपटी चमचमती पापुद्री निघाली, तर बेअरिंग किंवा गिअरचा दात सुटतोय. मग ऑइल उन्हात धरून बघा. सोनेरी चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसली, तर सिंक्रो रिंगचं, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कडीचं, पितळ झिजतंय.

रंग गढूळ, दूध घातलेल्या चहासारखा असेल तर पाणी आहेच. बाटली रात्रभर हलवू नका, सकाळी तळाशी थर दिसू शकतो. पाणी पूर्ण मिसळून गेलं असेल तर थर पडत नाही. अशा वेळी एक जुना तवा घराबाहेर मोकळ्यावर चांगला तापवा, आच बंद करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि ऑइलचे दोन थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीसारखं तडतडतं, नसेल तर नुसतं पसरून धुरकटतं. हे स्वयंपाकघरात करू नका आणि तो तवा पुन्हा चुलीवर चढवू नका.

आता निघालेल्या गोष्टीप्रमाणे पुढचं ठरतं.

ऑइल गढूळ, पण पापुद्री नाहीत: मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा, शे-पन्नास किलोमीटर गावात चालवा, गरम असतानाच काढा आणि पुन्हा नवं भरा. दोनदा भरल्याशिवाय कोपऱ्यातलं पाणी निघत नाही. डिझेल किंवा रॉकेल घालून धुऊन देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा; बेअरिंगवरचा उरलासुरला थर त्याने निघून जातो आणि त्याचा अंश आत राहून नवं ऑइलही पातळ होतं. ग्रेडबाबत एक सावधगिरी. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ लागतं. दुकानात "जीएल-५ त्याहून भारी" असं ऐकू येईल. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीची गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं बरीच अधिक असतात. डिफरन्शिअलला ती चालतात, पण पितळी सिंक्रो रिंगांना काही मानवत नाहीत आणि गिअर पडताना रिंगांना जी पकड लागते तीही कमी होते. जिथे जीएल-४ लिहिलंय तिथे जीएल-४ च. बोल्टखालचे वॉशर नवे घाला आणि सपाट जागी भरण्याच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरा. हे सगळं दर खेपेला दोन हजारांच्या आसपास होतं.

पापुद्री निघाल्या, किंवा नवं ऑइल भरूनही आरपीएमबरोबर चढणारी खरखर तशीच राहिली: गिअरबॉक्स उतरवून खोलायचा, पण बदलायचा नाही. केसिंग आणि गिअरचे दात शाबूत असतील तर बेअरिंगचा सेट, इनपुट शाफ्टचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची दोन सील एवढ्यावर काम भागतं, आणि ते ६२ हजारांच्या निम्म्याहून बरंच खाली यायला हवं. फक्त वाजणारंच बेअरिंग बदलू नका. बाकीच्यांनीही तेच पाणी आणि तेच कण खाल्लेत, आणि उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. याच कारणाने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तेव्हाच डोळ्यांसमोर तपासून घ्या.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कड्यावर कोरलेला असतो. जुनं बेअरिंग बरोबर घेऊन नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत गेलात तर नंबर जुळवून मिळेल, पण शेवटची अक्षरंही जुळली पाहिजेत. नंबरामागे सी३ असेल तर ते बेअरिंग आत थोडं जास्त सैल बनवलेलं असतं, कारण तापल्यावर ते आवळणार असतं. त्या जागी साधं बसवलं तर गार असताना छान फिरेल आणि घाटात गरम होऊन पुन्हा ओरडेल. शाफ्टवर बेअरिंग बसवताना दाब आतल्या कड्यावर, आणि तोही प्रेसने द्यायचा. बाहेरच्या कड्यावर हातोडी पडली की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. हे दोन मुद्दे विचारल्यावर जो कारागीर नीट उत्तर देतो, त्याच्याकडे काम द्या. स्क्रॅपमधून आणलेला जुना गिअरबॉक्स स्वस्त वाटतो, पण तोही कुठल्या पाण्यातून आलाय ते कळायला मार्ग नसतो.

ज्यांचा आवाज यापेक्षा वेगळा आहे अशांसाठी थोडक्यात. क्लच दाबल्यावरच किंचाळी सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना (वेग देताना) टकटक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटल्या आठवड्यातच बदललं तर जॉइंट वाचतो. गाडी उचलताना किंवा सोडताना एकच "धडक्" होत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट बघा. एकाच गिअरमध्ये टाकताना खर्र होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, सगळ्याच गिअरमध्ये होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे केबल किंवा हायड्रॉलिकमधली हवा. रिव्हर्समध्ये चालताना येणारा सूं आवाज दोष नाही, त्याचे दात बहुतेक गाड्यांत सरळ कापलेले असतात. टाकताना खर्र होत असेल तर गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाडीतही आत हाच गिअरबॉक्स असतो, त्यामुळे ऑइल आणि चुंबकाची तपासणी तिलाही लागू आहे. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या ऑटोमॅटिक प्रकारांच्या गाड्यांचं ऑइल वेगळं असतं, त्यांना वरचं काहीही लावू नका.

आता दिरांच्या सल्ल्याविषयी. जाड ऑइलने आवाज दबतो हे खरं आहे, म्हणूनच ही युक्ती इतकी चालते. पण पहाटेच्या गारव्यात गिअर जड पडतात, बेअरिंगला हवं तसं ऑइल मिळत नाही, आणि खड्डा तर वाढतच राहतो. शिवाय गाडी घेणारा कुणीतरी तिच्यात आपली माणसं बसवून ताम्हिणीतच जाणार आहे. विकायची असेल तर पुराचं आणि आवाजाचं सांगून विका. ऑइलचं आणि बेअरिंगचं बिल हातात असेल तर सांगूनही बरा भाव येतो. माझं मत विचाराल, तर ऑइल बघितल्याशिवाय विकण्याचा निर्णयच घेऊ नका. आज तुम्ही ६२ हजारांचं भय मनात धरून भाव ठरवाल.

आणि गणपतीचा प्रवास. चुंबकावर पापुद्री निघाली किंवा चाकाला खेळ लागला, तर दुरुस्तीआधी ही गाडी घाटात नेऊ नका. बेअरिंगची जाळी (गोळ्या जागेवर धरणारी) तुटली की शाफ्ट जागचा हलतो, गिअरचे दात एकमेकांवर चढतात, केसिंगही तडकू शकतं, आणि मग खरोखरच अख्खा गिअरबॉक्स घ्यावा लागतो, तेही पावसात, सासूबाई मागच्या सीटवर बसलेल्या असताना. काम तीन आठवड्यांत बसत नसेल तर यंदा भाड्याची गाडी करा. पापुद्री नसतील, चाकं घट्ट असतील आणि ऑइल दोनदा बदलल्यावर आवाज वाढत नसेल, तर जायला हरकत नाही.

गाडी देताना जॉब कार्डवर "गिअरबॉक्स आवाज" एवढंच लिहू देऊ नका. लिहायला लावा: न्यूट्रलमध्ये खरखर, क्लच दाबल्यावर थांबते, चाळीसच्या पुढे घुमतं, क्लच दाबूनही चालू राहतं (तुमच्या चाचणीत तसं आढळलं तर), जुलै २०२४ मध्ये गाडी पाण्यात होती, निघालेलं ऑइल आणि जुने पार्ट परत हवेत. दोन्ही आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, दर वेळी फोन त्याच जागी धरून. ऑइलच्या बाटलीवर तारीख आणि किलोमीटर लिहा. बेअरिंग बदलली गेली तर हजार किलोमीटरनंतर ड्रेन बोल्ट पुन्हा खोलून चुंबक पुसा, आणि तेव्हाचं फडकं आजच्या फडक्याशेजारी ठेवून बघा.